ऑपरेटरवरून सेटर: वाळूज-शेंद्र्यातल्या पोरांनी करावयाचा हिशोब

आयटीआय करून छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्यातल्या कारखान्यांत सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या कटिंग) मशीनवर लागलेली बरीच पोरं हजार-दोन हजारांसाठी कंपनी बदलतात. पगार वाढतो, काम तेच राहतं: जॉब (कापायचा भाग) लावा, सायकल स्टार्ट दाबा, गेजने तपासा. नवी कंपनी बघताना आधी विचारा, इथे सेटिंग, म्हणजे जॉबप्रमाणे मशीन जुळवायचं काम, करायला मिळेल का?

ऑपरेटर ते सेटर ही सगळ्यात अवघड पायरी. चुकीचा ऑफसेट (टूल नेमकं कुठे आहे ते मशीनला सांगणारा आकडा) भरला तर टूल चकवर, म्हणजे जॉब धरणाऱ्या पकडीवर, आदळू शकतं, म्हणून सुपरवायझर नवख्याला हात लावू देत नाही. त्याचं बरोबरच आहे. तेव्हा थेट सेटिंग मागू नका. आधी इन्सर्ट (टूलचं बदलायचं पातं) बदलल्यावरचा वेअर ऑफसेट (झिजेसाठीची बारीक दुरुस्ती) भरायला मागा, मग नेहमीच्या जॉबचं सेटिंग, नवा जॉब शेवटी. सेटर सुट्टीवर असलेली रात्रपाळी टाळू नका. संधी तिथेच मिळते.

एक वही ठेवा. जॉबची सायकल टाइम (एका पीसला लागणारा वेळ), रिजेक्शन आणि त्याचं कारण, इन्सर्ट किती पीस चालला, हे लिहा. समजा सायकल 180 सेकंदांवरून 165 वर आली. पाळीत मशीन सात तास चाललं तर 140 ऐवजी 152 पीस निघतात. मुलाखतीत हा आकडा 'मी मेहनती आहे'पेक्षा फार जड पडतो. मात्र कंपनीचं ड्रॉइंग किंवा फोटो कधीच बाहेर दाखवू नका.

आता लाइन कोणती धरायची? क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट, कनेक्टिंग रॉड हे इलेक्ट्रिक गाडीत नसतातच. हब, ब्रेक, सस्पेन्शन, अ‍ॅल्युमिनियम हाउसिंग राहणार. 2024 मध्ये इलेक्ट्रिक स्कूटर बनवणाऱ्या एथरने इथल्याच बिडकीनचा प्रकल्प जाहीर केला, त्याकडे या नजरेने बघा. इंजिनाच्या लाइनवर असाल तर घाबरून नोकरी सोडू नका, पण दुसऱ्या लाइनवर बदली मागायला आत्ताच लागा.

मशीनच्या प्रोग्रामिंगसाठी इंडो-जर्मन टूल रूम या सरकारी प्रशिक्षण संस्थेचे कोर्स जवळच आहेत. पण कोर्स सेटिंगचा हात बसल्यावर करा. नुसतं सर्टिफिकेट मशीनसमोर उभं केल्यावर उघडं पडतं. डिप्लोमावाल्यांना इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, पण शिफ्ट सांभाळून ते जमेल का, हे घरच्यांशी बसून ठरवा.

आणि कंपनी सोडताना पीएफ काढू नका. यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) तोच ठेवून खातं ट्रान्सफर करा. पेन्शनला एकूण दहा वर्षांची सेवा लागते, दर वेळी पेन्शनचेही पैसे काढणाऱ्याची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. ठेकेदारामार्फत लागला असाल तर अनुभवाचं पत्र त्याच्याकडून शेवटच्या दिवसाआधीच घ्या, त्यावर पद 'हेल्पर' नाही ना, तेही वाचा.