खाटेसकट उन्हात

काल रात्री परत झोप लागेना, बाबा अॅडमिट होते ते दिवस आठवत बसलो. एक्सरेला न्यायचं म्हटलं की चौघं जण चादरीचे चार कोपरे धरायचे, एक दोन तीन म्हणायचे आणि बाबांना बेडवरून स्ट्रेचरवर घ्यायचे. खुब्याचं हाड मोडलेलं, त्यामुळे तीन ऐकायच्या आधीच ते डोळे गच्च मिटून घ्यायचे. परत आणलं की पुन्हा तेच.

म्हणून असेल पण लेलेंबद्दल वाचल्यापासून हा माणूस डोक्यातून जातच नाहीये. लेले म्हटल्यावर आपल्याला आपल्यातलंच आडनाव वाटतं, पण हे ब्राझीलचे आर्किटेक्ट, खरं नाव जुआंव फिल्गेइरास लिमा, लेले हे फुटबॉलपायी पडलेलं टोपणनाव. जन्म १९३२, रिओचा. नवी राजधानी ब्राझिलिया उभी राहत होती तेव्हा १९५७ ला पंचविशीतच थेट साइटवर जाऊन राहिले, आणि तिथून जो प्रीफॅबचा, म्हणजे बिल्डिंगचे भाग कारखान्यात बनवून साइटवर जोडायचा, नाद लागला तो शेवटपर्यंत, म्हणजे २०१४ ला गेले तोपर्यंत. १९६८ चं ब्राझिलियाजवळच्या तागुआतिंगाचं हॉस्पिटल त्यांचंच, पण खरं नाव झालं ते ‘सारा’ नावाच्या हॉस्पिटलांच्या साखळीमुळे, आधी ब्राझिलिया, मग साल्वादोर, फोर्तालेझा, रिओ वगैरे.

साराचे पेशंट म्हणजे हाडांचे, मणक्याचे, कुणाचं अर्धं अंग लुळं पडलेलं. त्यांच्यासाठी लेलेंनी बेडच असा केला की त्यालाच चाकं, तोच स्ट्रेचर. उचलायचं नाहीच, पेशंटला खाटेसकट बागेत न्यायचं, उन्हात ठेवायचं. आता बेडच बाहेर जाणार म्हटल्यावर दरवाजा, रॅम्प, व्हरांडा सगळं त्याच हिशोबाने करावं लागतं ना. मला तर बिल्डिंगपेक्षा हा बेडच मोठा वाटतो, खरं सांगतो.

साल्वादोरचं हॉस्पिटल १९९४ चं. गरम दमट हवेचं गाव, पण वॉर्डात एसीची हवा कोंडून ठेवली नाही. समुद्रावरचं वारं जमिनीखालच्या गॅलरीत शिरतं, तिथे पाण्याच्या फवाऱ्याने गार होतं आणि वॉर्डात वर येतं, गरम झालेली हवा छतावरच्या लाटेसारख्या वळलेल्या शेडच्या फटींतून निघून जाते, उजेडही तिथूनच खाली येतो. छताचे लोखंडी भाग, फर्निचर, ते बेड, हे सगळं साराच्या साल्वादोरमधल्याच कारखान्यात बनायचं, आणि तो कारखानाही लेलेच बघायचे. कागदावर काढलेली खाट स्वतःच्याच वर्कशॉपमध्ये वेल्डिंग होताना बघायला मिळणं, किती आर्किटेक्टना मिळत असेल हे?

बाबांच्या खोलीला खिडकी होती, पण ती डोक्यामागे. पडल्या पडल्या त्यांना फक्त ट्यूबलाइट आणि छताची ओल दिसायची. दुपारी विचारायचे, बाहेर ऊन पडलंय का रे. मी खिडकीशी जाऊन बघून सांगायचो.