मामा आज निवृत्त झाले

महिनाअखेर म्हटलं की कॉलेजात पगाराची चर्चा असते. आज मात्र सगळे लायब्ररीत जमले होते. आमचे लायब्ररीतले मामा आज निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, भाषणं, समोसा-वेफर्स, सगळं रीतसर झालं. प्राचार्यांचं भाषण लांबलं, तेही रीतसरच.

मामांना ड्युई कोण हे माहीत नसेल, पण १८७६ साली छापलेली, पुस्तकांना विषयवार आकडे देण्याची त्याची पद्धत त्यांच्या बोटांत होती. ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य, हे मला बी.ए.च्या पहिल्या वर्षी त्यांनीच शिकवलं. तेव्हा मी विद्यार्थिनी होते, आता त्याच कॉलेजात शिकवते. कॉम्प्युटर 'उपलब्ध' म्हणायचा आणि पुस्तक सापडायचं नाही. मग मामा उठायचे, भलत्याच कपाटातून ते काढून आणायचे आणि वर म्हणायचे, "पोरांनी लपवून ठेवलं होतं, परीक्षा आलीय ना."

सोमवारपासून एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर, म्हणजे निम्मं कॉलेज गावाला. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, दुसऱ्याच दिवशी विज्ञान दिन. हॉल एकच, त्यामुळे आमच्या आणि फिजिक्सवाल्यांच्या टेबल-खुर्च्यांची भांडणं ठरलेली. गौरव दिनाचं ग्रंथप्रदर्शन दरवर्षी मामाच मांडायचे. यंदा कोण मांडणार, असं मी विचारलं तर सगळे चहा पिण्यात दंग.

जाताना मामांनी कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला. "मॅडम, तीन नंबरचं कुलूप जरा वर उचलून फिरवा."