घारापुरीच्या मावशी आणि राणीच्या बागेतला हत्ती

मी भायखळ्याला मराठीतून हेरिटेज वॉक घेते. राणीची बाग, भाऊ दाजी लाड संग्रहालय आणि आसपासचा परिसर. मधे एक ग्रुप आला होता, तो काही केल्या डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

ग्रुप घारापुरी बेटावरच्या बायकांचा, सगळ्या बचत गटातल्या. बहुतेकींचे लेण्यांच्या वाटेवर स्टॉल आहेत, काहीजणी काकडी, कैरी, ताक विकतात. एलिफंटाची लेणी सोमवारी बंद असतात, म्हणजे यांना मोकळा दिवस तो एकच, आणि आमची राणीची बाग आणि म्युझियम बुधवारी बंद, त्यामुळे सोमवार जुळून आला. एका संस्थेने बस आणि जेवण ठरवलं होतं. त्यांच्या को-ऑर्डिनेटर मॅडमनी मला आदल्या दिवशी फोनवर सांगितलं की फार इतिहास नको, त्या कंटाळतील, पेंग्विन दाखवा आणि म्युझियम चाळीस मिनिटांत उरका. हे मला सतत ऐकावं लागतं आणि दरवेळी तितकाच राग येतो. ज्यांना कधी कुणी काही विचारलेलंच नाही त्यांनाच कंटाळा येईल असं आधी ठरवून टाकायचं, हे कुठून येतं कळत नाही. मी हो म्हटलं आणि मनात हत्तीला पंधरा मिनिटं काढून ठेवली.

हत्ती म्हणजे म्युझियमच्या बाहेर बागेत उभा आहे तो काळ्या बसाल्टचा. तुम्ही राणीच्या बागेत गेला असाल तर त्याच्या शेजारून नक्की गेला असाल, आणि बहुतेक थांबला नसाल. रविवारी पोरांना घेऊन पेंग्विनच्या रांगेकडे धावणारी माणसं मी बघते, हत्तीकडे मान वळवणारा क्वचितच. लोकांना वाटतं बागेत शोभेला केलेला पुतळा आहे.

मी तिथे नेल्यावर आधी काहीच सांगत नाही. सकाळची वेळ असेल तर लोकांना अशा बाजूला उभं करते की ऊन दगडावर तिरकं पडेल. समोरून ऊन असलं की दगड सपाट दिसतो, तिरकं पडलं की खाचा, भेगा, जोड वर येतात. मग विचारते, नीट बघा आणि सांगा हा एका दगडाचा आहे की तुकड्यांचा? दोन मिनिटं लोक फिरून फिरून बघतात, भांडतात, आणि मग कुणाला तरी सांधे दिसायला लागतात. खरं उत्तर दोन्ही आहे. घडवला तेव्हा तो एकाच दगडातून घडवला होता, आज तो जोडलेला आहे. नावाची पाटी आधी वाचून घेतली की हे बघणं होतच नाही, पाटीवरचं वाक्य पाठ होतं आणि डोळे मिटतात. आमच्या धंद्यातले बरेच जण पाटीसमोरच उभं करून पाटीच वाचून दाखवतात, तो आळस आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

मग गोष्ट. हा हत्ती घारापुरीचा. पोर्तुगीज बेटावर आले तेव्हा त्यांना तो दिसला आणि त्याच्यावरून त्यांनी बेटाला एलिफंटा म्हणायला सुरुवात केली. १८१४ मध्ये त्याचं डोकं आणि मान निखळून पडली. १८६४ मध्ये इंग्रजांनी तो इंग्लंडला न्यायचं ठरवलं, क्रेन लावली, उचलताना साखळी तुटली आणि हत्ती खाली पडून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे भायखळ्याला व्हिक्टोरिया गार्डन्समध्ये, म्हणजे आजच्या जिजामाता उद्यानात, याच राणीच्या बागेत, आणून ठेवले, आणि पन्नास वर्षांनी १९१४ मध्ये कॅडेल आणि ह्यूएट या दोघांनी ते पुन्हा जोडून हत्ती उभा केला.

माझ्या वॉकमध्ये हा हमखास टाळ्यांचा मुद्दा असतो. साखळी तुटली म्हणून हत्ती इंग्लंडला जायचा वाचला, आपल्याकडेच राहिला, असं म्हटलं की दादर-पार्ल्याचा ग्रुप खूश होतो, कुणीतरी कोहिनूर काढतो, छान वातावरण होतं.

त्या दिवशी टाळी आलीच नाही. सगळ्या गप्प उभ्या. मग पुढे उभ्या असलेल्या, साठीच्या पुढच्या एक मावशी म्हणाल्या, "म्हंजे आमच्याकडनं नेताना मोडला."

मी म्हटलं हो.

"आन् मोडल्यावर परत ठेवला नाय."

नाही, मी म्हटलं. मोडल्यावर मुंबईला आणला.

"मग आपल्याकडंच कसा राहिला, बाय? तुमच्याकडं राहिला."

मला एकदम काही सुचलंच नाही. को-ऑर्डिनेटर मॅडम घाईघाईने मधे पडल्या की मावशी, इथे सुरक्षित आहे ना, बाग आहे, सिक्युरिटी आहे. मावशी शांतपणे म्हणाल्या, "तिकडं काय कमी वर्सं उभा होता काय." यावर मॅडम घड्याळाकडे बघायला लागल्या.

इथे एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही म्हणून सांगते. घारापुरी मुंबईत नाही. गेटवेवरून लाँच सुटते म्हणून सगळ्यांना वाटतं मुंबईच, पण बेट उरण तालुक्यात, रायगड जिल्ह्यात आहे. राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर अशी तीन गावं. १९८७ पासून लेणी जागतिक वारसा यादीत आहेत, जगभरातून माणसं येतात, आणि समुद्राखालून केबल टाकून गावात कायमची वीज पोचली ती २०१८ मध्ये. गेटवेवरून दिसणारं बेट, आणि स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षं तिथल्या बायकांनी जनरेटर आणि कंदिलावर काढली. त्यामुळे 'तुमच्याकडं' हा शब्द मावशींनी काही भांडायला म्हणून वापरला नव्हता, त्यांच्यासाठी ते साधं खरं होतं. तुमच्याकडे गोष्टी असतात, तुमच्याकडून त्या उशिरा येतात.

पण माझ्या मनात तेव्हाही आणि आत्ताही दुसरी बाजू आहे. डोकं १८१४ मध्ये पडलं ते बेटावरच, आणि नंतर पन्नास वर्षं तो तसाच होता. तुकडे तिथेच सोडले असते तर समुद्राच्या हवेत, झाडझाडोऱ्यात त्यांचं काय झालं असतं? कुणी पायरीला, बांधाला दगड म्हणून वापरले असते तर? मुंबईत आणले म्हणून १९१४ मध्ये जोडायला तुकडे हाताशी होते. हे मी त्यांनाही सांगितलं, लपवलं नाही. त्यावर एक तरुण मुलगी म्हणाली, जोडला ते बरं झालं, पण जोडल्यावर तरी विचारायचं ना. तेही बरोबर आहे. मला अजून यातलं एक बाजूला टाकता येत नाहीये.

मग त्या विचारायलाच लागल्या. अजून काय काय नेलं आमचं? मी शिलालेखाचं सांगितलं. पोर्तुगीज इतिहासकार दिओगो दो कुतो याने लिहून ठेवलंय की लेण्यात एक अक्षरं कोरलेला दगड होता, तो काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला, तिथे कुणाला तो वाचता आला नाही आणि पुढे तो गायबच झाला. आज लेणी कुणी खोदली हे ठामपणे सांगता येत नाही त्याचं मोठं कारण हे. शैलीवरून आणि बेटावर सापडलेल्या कलचुरी राजा कृष्णराजाच्या नाण्यांवरून बरेच अभ्यासक सहाव्या शतकाचा मध्य धरतात, पण लेख असता तर धरायची वेळच आली नसती. आणि आम्ही उभे होतो कुठे, तर भाऊ दाजींच्या नावाच्या संग्रहालयासमोर. हा माणूस पेशाने डॉक्टर, दोनदा मुंबईचा शेरीफ (शहरातलं एक मानाचं पद) झालेला, आणि अजिंठ्याचे शिलालेख वाचणारा. १८७२ मध्ये म्युझियम लोकांसाठी उघडलं त्यामागे ज्यांनी खटपट केली त्यात ते होते. तो दगड बेटावर राहिला असता तर वाचायला माणूस खाडीपलीकडेच होता. हे मी आधी कधी जोडून बघितलं नव्हतं, तिथे बोलता बोलता जोडलं गेलं आणि माझ्याच अंगावर काटा आला.

अजून एक. जुन्या प्रवाशांच्या वर्णनात या हत्तीच्या पाठीवर एक लहान प्राणी असल्याचं येतं, बहुतेकांनी त्याला पिल्लू म्हटलंय. मी हे एरवी गाळते कारण वेळ नसतो. त्या दिवशी सांगितलं. ते ऐकून काहीजणी पाठीकडे वाकून बघायला लागल्या, मागच्या बाजूला गेल्या, आणि एकीने विचारलं की मग पिल्लू कुठाय? माझ्याकडे उत्तर नव्हतं. ग्रुपमधल्या सगळ्यात लहान बाईने मोबाईलवर पाठीचे जवळून फोटो काढले, गावात दाखवायला.

म्युझियममध्ये आत जायला शेवटी वीस मिनिटं उरली. वरच्या मजल्यावर मातीच्या छोट्या मूर्ती आहेत, मुंबईतल्या वेगवेगळ्या समाजांच्या लोकांच्या, पागोट्या आणि लुगड्यांच्या नेसणीसकट. बायका तिथे रमल्या, लुगडं कसं नेसलंय यावर दोघींचं एकमत होईना, बघताना तोंडं उजळली होती. त्या घाईतही मला दिसलं की कुठल्याही पाटीपेक्षा ही माणसं कपडा अचूक वाचतात. कासोटा कुठे खोचलाय, पदर कुठून आलाय, हे त्यांनी जे सांगितलं ते मी लिहून घेतलंय.

बाहेर येताना काळा घोडा दाखवला. सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा, १९६५ मध्ये फोर्टमधून काढून याच बागेत आणून ठेवलेला. मी सहज सांगितलं की त्याच्या मूळ जागी २०१७ मध्ये नवा घोडा बसवलाय, स्वाराशिवायचा. मावशी लगेच म्हणाल्या, "घोड्याच्या जागी घोडा दिला ना, मग हत्तीच्या जागी?"

माझ्या एका सहकाऱ्याला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, असल्या चर्चा वॉकमध्ये नको, लोक पैसे देऊन मजा करायला येतात, हत्ती वाचला इतकंच सांग. मला हे पटत नाही. मजा तर त्या दिवशी आलीच, बस सुटायची वेळ झाली तरी बायका निघायला तयार नव्हत्या, पेंग्विन राहिले ते राहिलेच. माझा प्रश्न वेगळा आहे. दादरच्या ग्रुपला मी आता ही गोष्ट कुठे थांबवू? साखळीवर थांबवली तर टाळी मिळते. मावशींच्या वाक्यावर थांबवली तर लोक अस्वस्थ होऊन गप्प होतात, एक काका तर चिडले, म्हणाले बेटावर ठेवला असता तर आम्ही बघितला असता का. सध्या मी दोन्ही सांगते आणि लोकांना आपापसात बोलायला पाच मिनिटं देते. त्या पाच मिनिटांत मला माझ्या नेहमीच्या सगळ्या माहितीपेक्षा जास्त ऐकायला मिळतं.

जाताना मावशींनी विचारलं होतं की नेमका कुठं उभा होता तो? मी म्हटलं जुन्या वर्णनांत दक्षिणेकडच्या धक्क्याजवळ, चढावर असं येतं, म्हणजे राजबंदरच्या बाजूला. आता टुरिस्टांची लाँच शेतबंदरला लागते, त्यामुळे तो पूर्वीचा रस्ता, पाण्यातून येताना समोर हत्ती, हे चित्र येणाऱ्यांच्या नजरेतूनच गेलंय. मावशींनी घरी जाऊन सासऱ्यांना विचारलं, त्यांनी चढावरची एक जागा दाखवली. शेजारच्यांनी धक्क्याच्या अजून जवळची दुसरी दाखवली. दोन्ही जागांचे फोटो माझ्याकडे आलेत, दोन्ही त्या वर्णनात बसतात, आणि त्यावरून त्या दोन घरांत जो वाद लागलाय त्याच्या व्हॉइस नोट मला अजून येतायत.