डिसेंबरातली श्रीलंका: अख्ख्या बेटाला प्रदक्षिणा घालू नका

पुण्यात नाताळच्या सुट्टीचं दरवर्षी तेच रडगाणं असतं, सगळ्या शाळांना एकदमच सुट्टी, त्यामुळे कोकण फुल्ल, महाबळेश्वर फुल्ल आणि गोव्याचे रेट बघून पोटात गोळा येतो. २०२४ च्या डिसेंबरात आम्ही श्रीलंकेला जाऊन आलो, मी, नवरा, दोन पोरं आणि सासूबाई. तेव्हापासून सोसायटीत, ऑफिसात कोणी ना कोणी "प्लॅन पाठव ना गं" म्हणतंच असतं, तर आता एकदाच सगळं लिहून टाकते, लांबलं तर सांभाळून घ्या.

सगळ्यात आधी पाऊस, कारण पूर्ण प्लॅन त्याच्यावर बेतायचाय. श्रीलंकेत दोन मान्सून असतात. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडून येतो तो दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्याला झोडपतो, आणि साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येकडून येतो तो पूर्व आणि उत्तर बाजूला. म्हणजे आपल्या सुट्टीत त्रिंकोमाली, अरुगम बे ह्या बाजूला पाऊस आणि खवळलेला समुद्र, आणि त्याच वेळी गॉल, मिरिसा, उनावटुनाला छान ऊन. आम्हाला एका टूरवाल्याने "संपूर्ण श्रीलंका दर्शन" म्हणून अख्ख्या बेटाला गोल फेरी दिली होती, त्यात त्रिंकोमालीचा बीचसुद्धा होता, डिसेंबरात! नवऱ्याला ती फेरी फार आवडली होती कारण नकाशावर ती गोल आणि पूर्ण दिसते, पण मी ती निम्मी कापली आणि त्यावर घरात बरीच चर्चा झाली म्हणा ना.

दुसरं म्हणजे किलोमीटर विसरा, तास मोजा. कँडी ते नुवारा एलिया जेमतेम ऐंशी किलोमीटर आहे आणि अडीच ते तीन तास लागतात, सगळा घाट आणि वळणावळणाला बस समोरून. एअरपोर्टवरून सिगिरियाला चार तास धरा. हायवे म्हणावा असा रस्ता दक्षिणेला आहे, कोलंबो-गॉल-मातारा, तिथे मात्र गाडी सुसाट जाते. आमचा रूट शेवटी असा झाला: नेगोम्बो, सिगिरिया, कँडी, नुवारा एलिया, एला, उडावालावे, मिरिसा, गॉल आणि परत. हासुद्धा थोडा जास्तच आहे, लहान पोरं असतील तर एला किंवा नुवारा एलियापैकी एक उडवा.

पुण्याहून थेट विमान नाही, मुंबईहून अडीच तासांत कोलंबो. खरा वेळ आपल्या एक्सप्रेसवेवर जातो, सुट्टीच्या आदल्या दिवशी खंडाळ्यात काय होतं ते पुणेकरांना मी काय सांगू. एअरपोर्ट कोलंबोत नाहीये, कटुनायकेला आहे आणि नेगोम्बो तिथून जवळ, त्यामुळे रात्री उतरत असाल तर कोलंबोला अजिबात जाऊ नका, नेगोम्बोला झोपा आणि सकाळी तिथूनच सिगिरियाकडे निघा. व्हिसाचे म्हणजे त्यांच्या ईटीएचे नियम आणि फी गेल्या काही वर्षांत इतक्यांदा बदललेत की कोणाचं ऐकून काही ठरवू नका, निघायच्या आधी त्यांच्या सरकारी साइटवरच बघा, तशाच दिसणाऱ्या एजंटांच्या साइट खूप आहेत त्या जास्त पैसे घेतात.

गाडी ड्रायव्हरसकट घेतली, व्हॅन. दिवसाचा रेट ठरवतानाच पेट्रोल, टोल, पार्किंग आणि ड्रायव्हरचं राहणं-जेवण कोणाकडे हे मेसेजवर लेखी घ्या. बऱ्याच हॉटेलांत ड्रायव्हरसाठी खोली असते, छोट्या होमस्टेत नसते, आधी विचारावं, तो बिचारा गाडीत झोपतो नाहीतर. आणि मसाल्याची बाग, रत्नांचं दुकान, आयुर्वेदिक तेल ह्या तीन गोष्टी प्रत्येक ड्रायव्हरच्या रस्त्यात "सहज" येतात, कमिशन असतं. मातालेच्या बाजूला एका मसाल्याच्या बागेत आम्हाला फुकट म्हणून आत नेलं आणि शेवटी दालचिनीच्या तेलाची बाटली अशा भावात पुढे केली की सासूबाई म्हणाल्या ह्यात तुळशीबागेत आख्खं दुकान येईल. त्यानंतर गाडीत बसतानाच "नो शॉपिंग" सांगून टाकायचो, एकदम पुणेरी, तो हसायचा पण ऐकायचा.

पैसे: तेव्हा आपल्या एका रुपयाला साडेतीनच्या आसपास लंकन रुपये मिळत होते, त्यामुळे मेनूवरचा आकडा बघून आधी दचकायला होतं. २०२४ च्या फेब्रुवारीपासून तिकडे यूपीआय सुरू झालंय, मोठ्या दुकानात चालतं, टुकटुकवाल्याकडे आणि गावातल्या हॉटेलात रोखच. आणि ही टीप नीट वाचा: सिगिरिया, पोलोन्नारुवा अशा ठिकाणी सार्क देशांच्या, म्हणजे आपल्याही लोकांना परदेशी तिकिटाच्या साधारण निम्मा दर आहे, सिगिरियाचं परदेशी तिकीट तीस डॉलरच्या वर जातं, पाच जणांचे किती वाचतात करा हिशोब. फक्त मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो, हॉटेलच्या तिजोरीत ठेवून जाऊ नका, आमच्या पुढचं एक कुटुंब ह्याच कारणाने काउंटरवर हुज्जत घालत होतं.

सिगिरिया उघडायच्या वेळेला गाठा, एक तर ऊन आणि दुसरं म्हणजे त्या भागात डिसेंबरात दुपारनंतर पाऊस येऊ शकतो. पाचव्या शतकातल्या कश्यप राजाने बापाला मारून गादी घेतली आणि भाऊ सूड घ्यायला येईल म्हणून ह्या खडकावर राजधानी थाटली, अशी गोष्ट आहे, पोरांना ही आधीच सांगून ठेवा म्हणजे ती आपोआप चढतात. साधारण बाराशे पायऱ्या आहेत, सिंहगड पायी चढणाऱ्यांना काहीच नाही, पण मधला लोखंडी जिना उघडा आहे, उंचीची भीती असेल तर तिथे पाय लटपटतात. सासूबाई खाली म्युझियममध्ये आणि बागेत थांबल्या. गांधीलमाशांच्या पाट्या आहेत, आवाज करू नका म्हणून, त्या गंमत म्हणून लावलेल्या नाहीत. खडकावर रंगवलेल्या जुन्या चित्रांचे फोटो काढायला बंदी आहे. समोरचा पिदुरंगला खडक स्वस्तात होतो आणि सिगिरियाचा फोटो तिथूनच येतो, पण शेवटी दगडांवरून हातापायांनी चढायचं असतं, ज्येष्ठांना नाही जमणार. दांबुल्लाची लेणी जाता जाता होतात, पाच गुहा आहेत आणि छतापर्यंत चित्रं.

कँडीत दंतमंदिर, म्हणजे जिथे बुद्धाचा दात जपून ठेवलाय ते मंदिर, संध्याकाळच्या पूजेला बघा, दात दिसत नाही, दिसते ती करंडकाची झलक आणि तीही गर्दीतून, हे माहीत असेल तर हिरमोड होत नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बुद्धाकडे पाठ करून सेल्फी कुठेच काढू नका, लोकांना खरंच वाईट वाटतं.

आता ट्रेन. कँडी-एला ट्रेनचं रिझर्व्हेशन तीस दिवस आधी उघडतं आणि नाताळच्या तारखा बघता बघता संपतात. पूर्ण प्रवास सहा-सात तासांचा असतो, सासूबाईंना घेऊन तेवढं नको वाटलं म्हणून आम्ही नुवारा एलियाला राहून तिथल्या जवळच्या नानू ओया स्टेशनवरून एलापर्यंतच बसलो, आणि मला विचाराल तर तेवढं पुरे. चहाचे मळे, मध्येच ढग, पट्टीपोला स्टेशन साधारण १८९० मीटरवर, त्यानंतर बोगदा आणि बोगद्यापलीकडे हवाच बदलते. व्हॅन सामान घेऊन रस्त्याने एलाला पोचते, त्यामुळे हातात फक्त पाण्याची बाटली आणि स्वेटर. डब्यात वडे विकायला येतात, त्यातल्या काहींवर कोळंबी चिकटवलेली असते, बघून घ्या. दारात लटकून रील काढणारे इतके होते की माझं अर्धं लक्ष पोरांच्या कॉलरकडे. एक महत्त्वाचं, २०२५ च्या नोव्हेंबरात दितवा चक्रीवादळ आलं त्यात ह्या डोंगरी रेल्वेमार्गाचं बरंच नुकसान झालं, त्यामुळे कुठला टप्पा चालू आहे हे बघूनच हॉटेलं बुक करा, घाटातल्या रस्त्यांचंही विचारून घ्या.

नुवारा एलियाला रात्री चांगलीच थंडी असते, पातळ जॅकेटवर भागत नाही. सीता अम्मन मंदिर तिथून जवळच, सीता एलियाला, ओढ्याच्या काठी, खडकावर खोलगट खुणा आहेत त्या हनुमानाच्या पावलांच्या मानतात. सासूबाई तिथे बराच वेळ बसल्या, आम्हीही घाई केली नाही. हॉर्टन प्लेन्सच्या पठारावर जायचं तर पहाटे निघा, नऊ-दहानंतर ढग येतात आणि वर्ल्ड्स एंडच्या कड्यावर पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नाही. चालणं साधारण नऊ किलोमीटर आहे, आणि प्लास्टिक पिशव्या गेटवर काढून घेतात.

खाण्याचं शाकाहारींनी नीट ऐका. भाजी, डाळ, आप्पे म्हणजे तिकडचे हॉपर, इंदिआप्पा सगळं मिळतं, पण नारळाच्या सांबोलमध्ये आणि कित्येकदा भाजीतसुद्धा सुक्या माशाचा चुरा असतो, त्याला उंबलकडा म्हणतात, आणि वेटर "व्हेज" म्हणून बिनधास्त आणून ठेवतो कारण त्याच्या लेखी तो मसाला आहे. नाव घेऊनच विचारा. एलाच्या होमस्टेत मी हे सांगितलं तर घरमालकीणबाईंनी सासूबाईंनाच स्वयंपाकघरात नेलं. टेबलाला स्क्रूने बसवलेलं खवणीचं यंत्र, एका हाताने दांडा फिरवायचा, दुसऱ्या हाताने नारळाची वाटी दाबून धरायची, खाली भराभर बारीक कीस. मग पाट्यावर सुक्या मिरच्या, मीठ, छोटे लाल कांदे, त्यात खोबरं घालून लालभडक होईपर्यंत रगडलं आणि वरून लिंबू. उंबलकड्याची बरणी त्यांनी उघडून वास दाखवला आणि झाकण लावून लांब ठेवून दिली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, अम्मा-अम्मा करत तासभर चाललं होतं. शहरांत तामिळी लोकांची शैव हॉटेलं असतात, तिथे काही विचारावं लागत नाही. आणि मातीच्या गाडग्यातलं म्हशीचं दही आणि वर कितुल ताडाची काकवी, हे रोज खा.

एला गाव स्वतः फार बाजारी झालंय, कॅफेच कॅफे. नऊ कमानींचा पूल बघा, ट्रेनची वेळ होमस्टेत विचारून जा, आणि एका रात्रीत पुढे निघा.

हत्तींसाठी मिन्नेरिया नॅशनल पार्कचं नाव सगळीकडे वाचाल, पण ते मोठे कळप ऑगस्ट-सप्टेंबरात जमतात, डिसेंबरात उडावालावे बरं, आणि ते एला ते समुद्र ह्या रस्त्यातच पडतं. 'याला' नावाचं नॅशनल पार्क बिबट्यासाठी प्रसिद्ध आहे, सुट्टीत जीपची रांग लागते, आम्ही टाळलं.

मिरिसाला देवमाशांच्या बोटी पहाटे सुटतात. उलटीची गोळी बोटीत बसल्यावर नाही, निघायच्या अर्धा-एक तास आधी. माझ्या धाकट्याला एका ब्लू व्हेलची पाठ आणि फवारा दिसला, मला बादली दिसली. बोट निवडताना माशाच्या मागे धावत नाही, अंतर राखते अशी विचारून घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी. पोहायला उनावटुना, पण लाटांचं स्थानिक लोकांना विचारून.

गॉलचा किल्ला चालत बघा, पोर्तुगीजांनी सुरू केला आणि डचांनी वाढवला, आत अजून माणसं राहतात, शाळा, कोर्ट, बेकऱ्या. तटावरून क्रिकेटचं ग्राउंड थेट दिसतं, नवरा तिथून हलेना. तुम्ही २६ डिसेंबरला किनाऱ्यावर असाल तर २००४ च्या त्सुनामीची आठवण म्हणून सकाळी ९:२५ ला दोन मिनिटं सगळे स्तब्ध उभे राहतात, गाडी थांबवा आणि पोरांनाही सांगून ठेवा. हिक्कडुवाजवळ पेरालियाला लाटेत सापडलेल्या ट्रेनचं स्मारक आहे.

पौर्णिमेला तिकडे पोया, म्हणजे सार्वजनिक सुट्टी, दारू आणि मांस विकत नाहीत, बुकिंगच्या आधी कॅलेंडर बघा. चहा आणि दालचिनी एअरपोर्टवर न घेता आदल्या दिवशी गावातल्या सुपरमार्केटमधून घ्या, तेच पुडे निम्म्या भावात मिळतात. हॉटेलं दिवाळीच्या आत बुक करा, गॉल आणि एला सगळ्यात आधी संपतात.