‘आ चान्तार मेर’ : चौथ्या महिन्याची नोंद

एकच गाणे धरायचे आणि पाचही कडवी पाठ झाल्याखेरीज दुसऱ्याकडे वळायचे नाही, असे ठरवून चार महिने झाले. त्यांपैकी तीन कडवी आता कागदाविना म्हणता येतात. ‘आ चान्तार मेर’ हे गाणे आहे दक्षिण फ्रान्समधील त्रुबादूर, म्हणजे मध्ययुगीन कवी-संगीतकारांच्या, परंपरेतील कवयित्री कोंतेसा दे दिया हिचे. त्रुबादूरांच्या सुमारे २५०० कविता आज उपलब्ध असल्या तरी चाली जेमतेम २५० उरल्या आहेत, आणि स्त्रीने रचलेल्या त्रुबादूर गीताची स्वरलिपीसह टिकलेली चाल म्हणून हीच एक ओळखली जाते.

पहिला महिना उच्चारांतच गेला. भाषा ऑक्सितान, म्हणजे त्या दक्षिण फ्रान्सची जुनी भाषा, असताना मी आजच्या फ्रेंचच्या सवयीने ‘शांतार’ म्हणत होतो. तिथे ‘चिमणी’तला स्वच्छ ‘च’ हवा.

चालीची बांधणी मात्र जितकी पाहावी तितकी खोल वाटते. कडवे सात ओळींचे. पहिल्या दोन ओळींची चाल तिसऱ्या-चौथ्या ओळींना जशीच्या तशी येते, पाचवी आणि सहावी ओळ नव्या स्वरवाक्यांत जाते, आणि सातवी पुन्हा दुसऱ्या ओळीच्याच चालीवर येऊन टेकते. म्हणजे ते एक स्वरवाक्य प्रत्येक कडव्यात तीनदा आणि पाच कडव्यांत पंधरा वेळा येते. आरंभी याचा मला कंटाळा आला होता. पुढे शब्दांचा अर्थ अंगात भिनला, तेव्हा ध्यानात आले की जे गावेसे वाटत नाही ते गावे लागते आहे अशी सुरुवात करून, आपले सौजन्य, रूप आणि बुद्धी प्रियकरापुढे निरुपयोगी ठरली असे सांगणारी ही स्त्री दर वेळी त्याच सलाशी परत येते, आणि चालही तेच करते.

स्वर काफी थाटाचे आहेत, म्हणजे गंधार आणि निषाद कोमल. त्यामुळे तानपुरा लावला की गळा आपोआप मुरकीकडे धावतो. एका अक्षरावरचे दोन-तीन स्वर साधेपणाने उतरवणे हीच माझी या महिन्यातील खरी मेहनत होती.

लयीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. हस्तलिखितातील चौकोनी स्वरचिन्हे स्वर सांगतात, त्यांची लांबी सांगत नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी काही अभ्यासकांनी अशा गीतांना तीन मात्रांच्या ठरावीक साच्यांत बसवले होते. मी मेट्रोनोम लावून तसे गाऊन पाहिले, तर तक्रारीचे नृत्यगीत झाले. म्हणून सध्या प्रत्येक अक्षराला साधारण सारखा वेळ देतो आणि ओळीच्या शेवटी बोलताना थांबावे तसा थांबतो. चौदाव्या शतकातील फ्रेंच कवी-संगीतकार गियोम द माशोच्या गीतांत लय लिपीतच नोंदलेली असते, त्यामुळे तिथे मोजणे सोपे. इथे मोजणे सोडून देणेच मला जमत नव्हते.

पुढच्या महिन्यात उरलेली दोन कडवी आणि अखेरची दोन ओळींची तोर्नादा, म्हणजे समारोपाचे छोटे कडवे, घ्यायची आहे. तिला कडव्याच्या शेवटच्या दोन ओळींची चाल लावतात, त्यामुळे ‘अति गर्वाने अनेकांचे नुकसान होते’ हा निरोप त्याच स्वरवाक्यावर, सोळाव्यांदा, गावा लागेल.