पाचाचा आकडा

जानेवारी २०२२. सकाळी साडेनऊला दिवाणजींचा फोन आला. एरवी ते आधी घरच्यांची चौकशी करतात, मग थंडीची, मग विहिरीच्या पाण्याची, आणि काम असलंच तर शेवटी. त्या दिवशी एकच वाक्य, "भाऊ, पट्टी खोटी निघतेय, गाडी काढ."

मी जळगावात राहतो. जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढणारा कारखाना, डाळ मिल, पतसंस्था, जिथे जुना कॉम्प्युटर आणि त्याहून जुना प्रोग्राम आहे तिथे माझी ये-जा असते. दिवाणजी ज्या जिनिंगचा हिशोब बघतात, तिचं गाव सांगत नाही. तापीच्या अलीकडे, तासाभराच्या रस्त्यावर आहे, एवढं पुरे.

पोचलो तेव्हा ट्रॅक्टरांची रांग फाटकातून बाहेर डांबरी रस्त्याला लागली होती. काट्याच्या खोलीपुढे गर्दी, आणि गर्दीच्या मधोमध साठीचे एक बाबा, हातात पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशोबाची पावती, धरलेले. मला बघून त्यांनी ती माझ्याच पुढे केली. मी कोण, हे त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण शर्ट खोचलेला माणूस दिसला की पट्टी त्याच्यापुढे करायची एवढं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं.

"हाई काय शे भाऊ? मन्हा कापूसले हजारना भाव?"

पट्टीवर छापलं होतं: वजन २३.४ क्विंटल, भाव १०१५, रक्कम २३,७५१. ठरलेला भाव होता दहा हजार एकशे पन्नास. म्हणजे दोन लाख सदतीस हजारांच्या कापसाचे तेवीस हजार. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ६,०२५ रुपये होता आणि बाजार मात्र दहा हजारांच्या वर गेला होता. २०११ च्या तेजीतही भावाने चार आकडे ओलांडले नव्हते. त्या वर्षी ओलांडले, आणि पट्टी काढणाऱ्या प्रोग्रामात भावाची चौकट चारच आकड्यांची होती.

आता हा प्रोग्राम काय चीज आहे ते सांगायला हवं.

राज्यात १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी होती, म्हणजे कापूस सरकारी योजनेलाच विकायचा. ती सैल पडत गेली, खासगी जिनिंगवाले शेतकऱ्याकडून थेट माल घ्यायला लागले, त्या सुमारास, म्हणजे २००३ ला, शेठनी हा प्रोग्राम आणला. आणला म्हणजे जळगावच्या एका डाळ मिलसाठी एका सरांनी जो लिहिला होता तोच उचलून इथे बसवला. फॉक्सप्रो २.६, तेही डॉसवरचं. निळा पडदा, पांढरी अक्षरं. डाळीच्या काळातली नावं कोणी बदललीच नाहीत. कापसाच्या ओलाव्याची कटती आजही 'चुनी' नावाच्या रकान्यात जाते. तुरीची डाळ करताना जी चुनी निघते, तीच. वाणाच्या यादीत एक नंबरला हरभरा, दोनला तूर, आणि चारवर कापूस. तीन नंबर रिकामा आहे, पण तो दाबला तर प्रोग्राम बंद पडतो. नवीन पोरगा कामाला आला की दिवाणजी त्याला पहिल्या दिवशी एवढंच शिकवतात, तीन दाबायचं नाही.

भाव त्या वेळी दोन-अडीच हजारांच्या घरात. सरांना चार आकडे भरपूर वाटले. मलाही वाटले असते.

फॉक्सप्रोत एक सोय आहे. चौकट भरली की मशीन टुण् करतं आणि कर्सर आपोआप पुढच्या चौकटीत उडी मारतो, एंटर दाबावं लागत नाही. दिवाणजी एकोणीस वर्षं त्या टुण्‌वर काम करत आले होते. नजर काटा-चिठ्ठीवर, बोटं कीबोर्डवर, कान टुण्‌कडे. पडद्याकडे बघायचे नाहीत, आणि बघायची गरजही नव्हती. त्या सकाळी त्यांनी एक-शून्य-एक-पाच दाबलं, टुण् झालं, शेवटचं शून्य 'चुनी'त जाऊन पडलं. शून्य टक्के चुनी. कुठेच काही अडलं नाही. बाबांच्या आधी तिघांनी अशीच पट्टी घडी करून खिशात घातली होती. त्यांना फोन करून परत बोलावलं.

मी म्हटलं, चौकट पाच आकड्यांची करू. बोलायला सोपं. फायलीतला रकाना मी पाच मिनिटांत रुंद केला असता, पण पडद्यावरची चौकट प्रोग्रामाच्या पोटात शिवलेली, आणि मूळ लिखाण कुणाकडेच नाही. सरांना फोन लावला. सरांचं आता ठिबकचं दुकान आहे. "अरे, त्या फ्लॉप्यांना बुरशी आली, मी टाकून दिल्या," म्हणाले, आणि मग दहा मिनिटं मला इनलाइन नळीचे भाव सांगितले. ज्या फॉक्सप्रोवर हे सगळं उभं, त्या घराण्याची शेवटची आवृत्ती २००४ ची, आणि २०१५ ला कंपनीने उरलासुरला आधारही काढून घेतला. नव्या चौसष्ट बिटच्या विंडोजवर हा प्रोग्राम उघडतच नाही. शेठनी २०१८ ला घेतलेला नवा कॉम्प्युटर म्हणूनच कोपऱ्यात होता. त्याच्यावर हवामान आणि कीर्तन बघायचे.

तोडगा दिवाणजींनी काढला, मी नाही. पट्टीवर 'बारदान परत' नावाचा एक जमेचा रकाना होता, डाळीच्या पोत्यांसाठी. त्यांनी भाव लिहिला नऊ हजार, आणि वरचे अकराशे पन्नास गुणिले वजन कॅल्क्युलेटरवर काढून बारदानात टाकले. बाबांची पट्टी पुन्हा निघाली. रक्कम बरोबर आली. बाबांनी ती दोनदा वाचून घेतली आणि विचारलं, कापूस तर ट्रॉलीत मोकळा आणलाय, बारदान कुणाचं?

"तुमचंच समजा," दिवाणजी म्हणाले. रांग पुढे सरकली.

हा तोडगा पुढे मार्चपर्यंत चालला. हिशोब तपासणाऱ्या सीएनी नंतर फोन करून विचारलं होतं की एवढी पोती आली कुठून. तालुक्यातली सगळी पोती विकली तरी तेवढी रक्कम होत नाही.

दुपारी दिवाणजींनी डबा उघडला. थंडीचे दिवस, त्यामुळे भरीत आणि कळण्याची पुरी. मी विषय काढला. लॉकडाऊनमध्ये बसून मी याच जिनिंगसाठी नवा प्रोग्राम लिहिला होता. २०२० च्या दिवाळीला दाखवलाही होता. शेठ म्हणाले, छान आहे. दिवाणजी म्हणाले, "चाली ऱ्हायनं ना? मंग चालू दे." आणि तो बासनात गेला. आज तरी पटलं का, म्हणून विचारलं.

ते पुरीचा तुकडा मोडत म्हणाले, "तुझ्या त्यात माउस लागतो. बाहेर साठ गाड्या, मी उंदीर धरू का पैसे मोजू?"

मला ते लागलं, कारण खरं होतं. मी घड्याळ लावून बघितलं होतं. ते जुन्यावर एक पट्टी चौदा सेकंदांत काढत. माझ्या रंगीत पडद्यावर मला स्वतःला चाळीस लागत. प्रोग्राम मी शेठना दाखवायला लिहिला होता, दिवाणजींनी चालवायला नाही. पुढच्या आठवड्यात माउस काढून टाकला, टुण् घातलं, चौकटींचा क्रम जुना ठेवला. 'चुनी' हे नावसुद्धा ठेवलं. फक्त भावाला सहा आकडे दिले.

शेठनी अट घातली की हंगाम संपेपर्यंत पट्टी जुन्यावरच, माझा प्रोग्राम शेजारी चालवायचा, आणि दोन्हीकडे रक्कम सारखी आली पाहिजे. तीन दिवस मी काट्याच्या खोलीत बसून चिठ्ठ्या दुसऱ्यांदा भरल्या. एकसष्ट गाड्या. सत्तेचाळीस रुपयाला रुपया जुळल्या. चौदा जुळल्या नाहीत, आणि चौदाही ठिकाणी माझी रक्कम जास्त.

पहिला संशय स्वतःवर. रात्री दीडपर्यंत आपलीच चूक शोधत होतो. मग चौदा चिठ्ठ्या शेजारी-शेजारी ठेवल्या. सगळ्यांत भरल्या गाडीतून रिकामी वजा केली की शेवटी पाच किलो येत होते. २३४५, १९१५, अशी. काटा पाच किलोच्या टप्प्याने मोजतो. जुना प्रोग्राम किलोचे क्विंटल करताना दशांशापुढे एकच घर ठेवायचा आणि पुढचा आकडा वर न चढवता तोडून टाकायचा. २३.४५ चे २३.४. डाळ मिलमध्ये माल भरल्या पोत्यांनी येतो, तिथे पाच किलोचा प्रश्नच नव्हता. इथे त्या पाच किलोंचे त्या दिवसाच्या भावाने पाचशे सात रुपये होत होते. बाबांच्या गाडीचेही गेले होते, रक्कम बरोबर झाली म्हणून आम्ही सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला त्याच पट्टीत.

पण मला दुसरंच टोचत होतं. एकसष्टमध्ये चौदाच का? शेवटी शून्य किंवा पाच, दोनच शक्यता. मग निम्म्या, म्हणजे तीसएक गाड्या पाचाच्या निघायला हव्या होत्या.

सकाळी कॉम्प्युटर बंद ठेवला आणि काट्यावर उभा राहिलो. जे अनेक वर्षं बघत होतो तेच पुन्हा बघितलं. रिकामी ट्रॉली काट्यावर येते, दिवाणजी खिडकीतून हात करतात, "जरा मागं घे." ड्रायव्हर हातभर मागे घेतो. "थोडं पुढं." मग चिठ्ठी फाडतात. मला वाटायचं काट्यातच खोट आहे. सगळ्यांनाच वाटायचं. काटा दुरुस्तीवाला वर्षातून दोनदा येऊन जायचा. वजन सीमेवर असलं की चाक थोडं सरकल्यावर आकडा पाचाने बदलतो, हे खरं आहे. दिवाणजी भरल्या गाडीचा शेवटचा आकडा बघून, रिकामीचा शेवट तोच येईपर्यंत गाडी नाचवत होते. म्हणजे वजाबाकीत पाच उरत नाहीत.

मी विचारलं, "दिवाणजी, तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"दुसऱ्या हंगामापासून."

"सांगितलं का नाही?"

"सरांना सांगितलं होतं. ते म्हणाले, किरकोळ आहे, पुढच्या वेळी बघू." थोडं थांबून म्हणाले, "आणि शेठला काय सांगू? तुमचं मशीन लोकांचा कापूस खातं म्हणून? ज्या गाड्या हलल्या नाहीत त्या हलल्या नाहीत. जेवढं जमलं तेवढं केलं."

दोन वर्षं मी यांना नव्याला घाबरणारा म्हातारा समजत होतो. ते घाबरतच होते, पण माउसला नव्हे. नवं आलं की दोन हिशोब शेजारी-शेजारी मांडले जाणार आणि फरक दिसणार, याला.

शेठना सांगणं माझ्यावर आलं. त्यांनी चौदा चिठ्ठ्या पाहिल्या, चष्मा काढला, पुसला.

"म्हणजे काटा बरोबर होता?"

"काटा बरोबरच होता."

"मग एकोणीस वर्षं..." म्हणाले आणि पुढचं बोललेच नाहीत. पंख्याकडे बघत बसले. पंखा बंद होता. मग अगदी शांतपणे विचारलं, "जुन्या काटा-चिठ्ठ्या आहेत?"

दिवाणजी दारात उभे होते. "दर आखाजीला बंबात जातात," म्हणाले.

शेठनी मान हलवली. ती सुटकेची होती की कशाची, मला कळलं नाही. मुद्दाम केलेली लबाडी नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. पण ते कळल्यानंतर काय केलं, हे विचाराल तर त्यांनी त्या दिवसापासून तोलाई, म्हणजे वजन करण्याचे पैसे, घेणं बंद केलं. फाटकावर तशी पाटी लावली. लोक म्हणाले, तेजीत कमावलं म्हणून शेठचं मन मोठं झालं. त्या चौदा जणांना, आणि बाबांना, मी स्वतः फोन करून सांगावं असं दोन-तीनदा मनात आलं. केला नाही. माझं बिल बाकी होतं.

नवा प्रोग्राम पुढच्या दिवाळीनंतर सुरू झाला. शेठ त्याला अजून 'तुझं ते' म्हणतात. जुनं मशीन काढू दिलं नाही. ते प्लॅस्टिकचं कव्हर घालून शेजारीच आहे, आणि कुणी त्याबद्दल विचारलं तर उत्तर मिळतं, असू द्या, जागा कुठे खातंय.

पहिल्या दिवशी मी काट्यावर होतो. पहिलीच गाडी, भरली तेव्हा शेवट शून्यावर. रिकामी होऊन आली, काट्यावर पाच. मी काही बोलायच्या आत दिवाणजींचा हात खिडकीबाहेर गेला, "जरा मागं घे."

"आता गरज नाही, दिवाणजी."

"माहीत शे," ते म्हणाले.

ड्रायव्हरने तोवर ट्रॉली हातभर मागे घेतली होती. आकडा पाचवरच राहिला. दिवाणजींनी तो भरला, टुण् झालं, आणि त्यांनी मान वळवून पहिल्यांदा पडद्याकडे बघितलं.