मिशा बघ, मग हात घाल

उजनीच्या बॅकवॉटरला मामाचं गाव आहे, त्यामुळे गळ टाकायला शिकलो तो तिथंच. पहिल्याच वर्षी हातात शिंगी या मिशीवाल्या माशाचा काटा घुसला. मला वाटलं बारका मागूर आहे, दोघांनाही चार जोड्या मिशा, अंगावर खवलं नाहीत, रंगही काळपट, म्हणून मी आपला सरळ मुठीत धरला आणि पुढचे दोन तास बोंबलत बसलो. मामीने सोसेल एवढ्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायला लावला तेव्हा कुठं ठणका कमी झाला. शिंगीच्या कल्ल्यामागच्या काट्यात विष असतं, हे मामाने नंतर सांगितलं, आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं ना.

फरक तसा सोपा आहे, पाठीवरचा पर बघायचा. मागूरचा पर पार शेपटीपर्यंत लांब जातो, शिंगीचा एवढुसा, नखाएवढा.

शिवडा हा आणखी एक मिशीवाला मासा, त्याला मात्र कुणी चुकत नाही. तोंड डोळ्याच्याही मागपर्यंत फाटलेलं, मिशा दोनच जोड्या, त्यातली एक बरीच लांब, आणि दात असे की तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, घासून तुटतो, म्हणून गळाच्या वर वीतभर तार बांधायची. आमिष जिवंत मासळीचं, वेळ अंधार पडल्यावरची. शिंगाडा नावाच्या माशाला गांडूळ किंवा कोंबडीची आतडी चालतात, गळ तळाला टेकला पाहिजे. त्याच्या शेपटीजवळ पाठीवर मऊ मांसल पर असतो आणि त्यावर काळा ठिपका, तो दिसला की शिंगाडाच.

हल्ली गळाला लागलेला मागूर भलताच मोठा, रुंद डोक्याचा, अंगावर ढगाळ चट्टे असलेला निघाला तर तो बहुतेक आफ्रिकन. त्याच्या पालनावर केंद्राने 2000 सालीच बंदी घातलीय, कारण तो बाकीचे मासे खाऊन टाकतो. तरी तळ्यांतून सुटून नदीत येतोच. असला निघाला तर परत पाण्यात सोडू नका राव.

पावसाच्या पहिल्या पाण्याला मासे अंडी घालायला ओढ्याने वर चढतात तेव्हा मी गळ टाकतच नाही, मामा यावर हसतो. गेल्या मार्चमध्ये त्याने दोन देशी मागूर ओल्या पोत्यात गुंडाळून पुण्याला माझ्याकडे पाठवले. हवेतूनही श्वास घेतात ते. तीन तासांनी पोतं उघडलं तर एकाने टुणकन उडी मारून सिंक गाठलं, आणि बायको किचनबाहेर.